तेरा पायऱ्या

४ नोव्हेंबर, सोमवार
खुब्याच्या ऑपरेशनपासून बायको, म्युरिएल, खाली सोफ्यावर झोपते. २९ तारखेला जिन्याला सरकती खुर्ची बसवायला माणूस येणार. पायऱ्यांवर माझी पुस्तकं. तेराच्या तेरा भरलेल्या. म्युरिएल म्हणाली, जिना मोकळा नसला तर ती व्हिटबीला विनिफ्रेडकडे राहायला जाईल. तिच्या त्या बहिणीच्या घराला जिनाच नाही. चेष्टा करते. तरी उद्यापासून सुरुवात.

५ नोव्हेंबर
म्हाताऱ्या गाढवांच्या मदतीसाठी लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकतात, त्या दुकानात एक पिशवी दिली. दुकानातल्या पारगेटरबाईंनी प्रत्येक पुस्तकावर माझ्या देणगीदार नंबरची चिठ्ठी लावली. किती विकली गेली ते पत्राने कळवतात. एका माणसापुरत्या स्वयंपाकाचं पुस्तकही देऊन टाकलं. मला कशाला लागणार? हलकं वाटलं. छत्री नव्हती म्हणून जरा आत रेंगाळलो. दोरीच्या गाठींवरचं एक मिळालं. आत शाईने लिहिलंय, 'जोनला, पाय लवकर बरा होवो, १९६१.' असं टाकून कसं यायचं? तीनच घेतली.

१२ नोव्हेंबर
सकाळी दोन पिशव्या दिल्या. दुपारी घोर लागला. चौदाव्या वर्षी माझी शाळा सुटली. जे शिकायचं राहिलं ते नेमकं दिलेल्यातच असलं तर? परत गेलो. माझी मधमाश्यांवरची पुस्तकं तशीच पडून. कोणी हात लावला नव्हता. जिवाला लागलं. विकत घेऊन आलो.

२१ नोव्हेंबर
म्युरिएल विचारते, ढीग वाढला का. म्हटलं, नीट रचल्यामुळे तसं दिसतं. अजून आठवडा आहे.

२८ नोव्हेंबर
गाढवांचं पत्र आलं. माझी चाळीस पुस्तकं विकली गेली, आभार. म्युरिएल खूश. "कुठल्या खुळ्याने घेतली रे?" म्हटलं, नावं कळवत नाहीत.

२९ नोव्हेंबर
खुर्चीवाला दोन पायऱ्या चढला आणि उतरला. आता मार्चमधली तारीख. म्युरिएलने खालच्या ढिगातलं एक पुस्तक उचललं, चिठ्ठीवरचा नंबर पत्राशी ताडून पाहिला. मग दुसरं. मग तिसरं.
"आर्नोल्ड, मला वाटलं होतं, मी वर यायला हवी आहे तुला."
म्हटलं, हवीच आहेस. विनिफ्रेड तीन वाजता गाडी घेऊन आली.

२ डिसेंबर
जिना रिकामा करायचा आणि मगच व्हिटबीला फोन करायचा, असं ठरवलं. एक पिशवी दिली. तीन दिवस नुसता पाव खातोय, म्हणून ते एका माणसापुरत्या स्वयंपाकाचं पुस्तक दुकानात शोधलं. लगेच सापडलं. पारगेटरबाई म्हणाल्या, महिनाभर कोणी ढुंकून पाहिलं नाही.
पहिल्या पानावर उकडलेलं अंडं आहे. पुस्तक नवव्या पायरीवर ठेवलंय. खाली जागा नव्हती.