खिळ्यावरचे पुठ्ठे

सोमवार, ता. ३

चि. चिमीस बाबाचे भरभरून आशीर्वाद.

उत्तराला दहा दिवस लावले, रागावू नकोस. चार वेळा लिहिलं आणि फाडलं. तुझा फोन चौकशीवाल्यांनी ठेवून घेतलाय, म्हणून पत्रच. त्या दुसऱ्या कंपनीची गाडी तुमच्या नव्या गाडीसारखीच निघाली, म्हणजे तूच चित्र बाहेर फोडलंस, असं साहेब म्हणतात ना? हे वाचल्यापासून आईला घास जात नाही.

चिमे, चूक माझी आहे. गेल्या वर्षी जेवता जेवता तू वर्तमानपत्राच्या कडेला तुझ्या गाडीचं तोंड काढून दाखवलंस. तो कागद मी गॅरेजात लावला. लेकीचं काम! त्या कंपनीच्या शोरूमचा माणूस चहा पीत बघत राहिला, झकास आहे म्हणाला, आणि मी फुशारलो. आई म्हणते, तुमच्या तोंडाला कुलूप नाही हे मला लग्नातच कळलं होतं.

मी काय करू ते सांग.

तुझा,
बाबा


शुक्रवार, ता. ७

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

काहीही करू नका. कागद फाडा आणि ब्र काढू नका. गाडी तयार व्हायला चार वर्षं लागतात. तुम्ही कागद लावलात तेव्हा त्यांचे साचे ओतून झाले होते. पण मी घरी रेघ काढून दाखवली एवढं कळलं तरी माझी नोकरी जाईल. नियमच आहे तसा.

गाड्या सारख्या दिसतात, कारण वारा सगळ्यांना एकच. पेट्रोल कमी प्यायचं तर टप मागे उतरत गेलेलाच हवा. धडकलेल्या माणसाचं डोकं इंजिनावर आपटू नये म्हणून बॉनेट उंच हवं. दिवे दोघांनाही एकाच कारखान्यातून येतात. वर, एकाचं खपलं की बाकीचे तेच काढतात. पण चौकशीचे साहेब कायद्याचे. आकडे काढले की जांभया देतात. त्यांना हातात धरता येईल असं काहीतरी हवं. सुनावणी मंगळवारी, ता. १८ ला.

आईला दटावून जेवायला लावा.

तुमची,
चिमी


मंगळवार, ता. ११

चि. चिमीस आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. आणि मी घात केला, पोरी. कालच तुझ्या साहेबांना रजिस्टर पत्र टाकलं: कागद मी लावला, लेकीला सोडा. धावत पोस्टात गेलो, हातापाया पडलो. बाई म्हणाल्या, आजोबा, थैली कालच गेली.

मग गॅरेजात जाऊन कागद फाडला. तिथे तीच गाडी उभी, त्या कंपनीची, उजवीकडून चेपलेली. माझी रीत तुला ठाऊक आहे. धड बाजूवर पुठ्ठा कापायचा, उलटा करायचा आणि त्याबरहुकूम चेपलेला पत्रा ठोकायचा. जुने पुठ्ठे मी फेकत नाही, खिळ्याला लावतो. हाताला चाळा म्हणून एक काढून बॉनेटच्या उतारावर ठेवला. बसला! दुसरा बसला, तिसराही. नख जाईल एवढी फट, बस्स. तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे. एक तर सहा वर्षांपूर्वीचा, तू नोकरीला लागायच्या आधीचा. चाळीस वर्षं पत्रा ठोकला, पण ही गोष्ट कधी ध्यानात आली नाही.

तिन्हींवर गाडीचं नाव आणि तारीख आधीपासूनच आहे, तेलकट बोटांच्या ठशांसकट. गॅरेजच्या मालकांनी त्यावर सही केली. आज तुझ्या नावाने कुरियरने पाठवलेत. त्या गाडीपाशी नेऊन साहेबांनाच धरायला लाव.

पण माझं ते रजिस्टर पाकीट आधी पोचलं तर? आईला मी अजून सांगितलेलं नाही, ती आज जेवली. साहेबांनी आधी काय उघडलं, पाकीट की पुठ्ठे, एवढं लगेच कळव. दोन ओळी पुरेत, पण लगेच कळव.

तुझा,
बाबा