सुईच्या टोकावरची पेस्ट

२ फेब्रुवारी

चि. ठकूस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली सगळी खोकी पोचली. कॉम्प्युटर मी एकट्याने जोडला, आणि जोडून झाल्यावर टेबलावर एकही स्क्रू उरला नाही. जन्मभर घड्याळं उघडून बसवली, त्यापुढे हे म्हणजे ढोबळ काम. पहिल्याच बटणाला चालू झाला. तुझ्या आईने चष्मा पुसून पुसून पाहिलं, पण शाबासकी काही दिली नाही.

वाक्यं वाचायला लगेच बसलो. मार्चमध्ये स्वरयंत्र काढणार हे आता पक्कं झालंय. तोवर जेवढं बोलाल तेवढं त्या मशीनपुढेच बोला, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून फोन नाही, पत्र. घरात पाटीवर लिहून दाखवतो. तुझी आई म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदाच घरात शांतता आहे.

ती वाक्यं कोणी लिहिली गं? ‘आमच्या मांजरीला निळी खुर्ची आवडत नाही.’ मी मन लावून वाचतो. शेवटी मी टाइप करीन ते मशीन माझ्या आवाजात बोलेल, असं तू सांगितलंस, म्हणून मांजरीचंही ऐकून घेतो. पण एक घोटाळा आहे. काल वाचता वाचता पडदा एकदम काळा झाला. पुन्हा चालू केला तर तो आख्खा धडा गायब. धडा पुरा झाल्याशिवाय तो प्रोग्रॅम काही साठवतच नाही. आज पुन्हा तेच. काय करू ते कळव.

पाय हलवू नकोस. तू पाय मोडून बसलीस आणि मी गळा, तुझ्या आईने पाहायचं तरी कोणाकडे?

तुझा,
बाबा

८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

शाबासकी माझ्याकडून घ्या. आमच्या दुकानात नवीन आलेली मुलं पहिला कॉम्प्युटर जोडतात तेव्हा निदान दोनदा तरी मला हाक मारतात.

नव्या मशीनमध्ये असं होतं, घाबरू नका. रॅमच्या दोन पट्ट्या आहेत ना, त्यातली एक काढून बघा, मग ती लावून दुसरी काढा. मशीन चालू असताना पंखा फिरतोय का तेही पाहा. बंद पडलं रे पडलं की वायर काढा आणि पंख्याखालच्या धातूच्या ठोकळ्याला बोट लावा. चटका बसला तर प्रोसेसर तापतोय असं समजायचं. थंड असेल तर दोष दुसरीकडे.

प्लास्टरच्या आत खाज सुटली की जीव नकोसा होतो. दुसऱ्यांची मशीनं जमिनीवर पसरून बसायची सवय, आता पलंगावर पडून छत बघते. यायला जमत नाही याचंच फार वाईट वाटतं. तुमचा गळा जपा आणि आईला सांगा, मी वेळेवर जेवते.

तुमची,
ठकू

१३ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

ठोकळा थंडगार आहे. बंद पडल्या पडल्या हात लावला, अगदी माठाला लावावा तसा. पंखा इमानाने फिरतो. पट्ट्या आलटून पालटून पाहिल्या, फरक नाही. कधी सकाळभर कुरकुर न करता चालतो, कधी चार वाक्यांत मान टाकतो. घड्याळ बिघडलं तरी त्याच्या बिघाडाला एक चाल असते. याला ती पण नाही.

काल वाचलेला धडा फार छान झाला होता. तुझी आई दारात उभी राहून ऐकत होती. शेवटची दोन वाक्यं राहिली होती, आणि गेला. तिने तोंडात पदर धरला आणि आत गेली. मला मशीनपेक्षा त्याचं जास्त लागलं. आवाज मात्र अजून खणखणीत आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही.

माया आहेच तुझी, ती तशीच असू दे.
बाबा

१८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ठोकळा थंड म्हणजे तापण्याचा प्रश्न मिटला. आता माझा सगळा संशय पॉवर सप्लायवर आहे. त्याला लागेल तेवढी वीज पुरवता येत नसेल तर मशीन असंच अचानक दगा देतं. दुकानातल्या माझ्या मैत्रिणीला सांगून नवीन पाठवतेय, आठवड्याभरात मिळेल. जुन्याच्या वायरी जशा लावल्या होत्या तशाच लावा.

तोवर वाचू नका. वाचलेलं फुकट जातंय आणि गळ्याला त्रास होतोय तो वेगळाच. आवाज शिल्लक ठेवा, मशीन धड झालं की चार दिवसांत सगळं संपवून टाकू. ऐकाल ना माझं? लहानपणी मी तुमचं ऐकत नव्हते, त्याचा वचपा काढू नका.

आईला नमस्कार आणि तुम्हाला धाक,
ठकू

२७ फेब्रुवारी

चि. ठकूस,
आईचे आशीर्वाद.

हे पत्र मी लिहितेय ते यांना माहीत नाही. पॉवर सप्लायचा नवीन डबा आला, यांनी त्याच दिवशी बसवला. दोन दिवस सुरळीत गेलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा काळा पडदा. पण खरी गोष्ट ती नाही. तू थांबायला सांगितलंस, हे मुकाट्याने थांबले, आणि त्याच दिवसांत यांचा आवाज बसला. शेजारीणबाई यांचा घोगरा आवाज ऐकून विचारत आल्या की घरात कोण पाहुणे आलेत म्हणून. सकाळी तर नुसता वारा येतो तोंडातून. डॉक्टर म्हणाले, हे होणारच होतं, जरा लवकर झालं. ठकूला कळवू नकोस, पोरगी आधीच अडकून पडलीय, असं यांनी पाटीवर लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं.

तुझ्यावर रागावले आहेत असं काही मनात आणू नकोस. उलट कालच तू कॉम्प्युटरच्या खोक्यांबरोबर पाठवलेली ती पेस्टची ट्यूब दाखवत होते. जवळजवळ भरलेली आहे, घरी येशील तेव्हा परत न्यायची म्हणून कपाटात ठेवलीय. घड्याळाला तेल देतात तशी सुईच्या टोकावर घेऊन प्रोसेसरला लावली म्हणे. एवढी मोठी ट्यूब पाठवली, पोरगी उधळी झाली, असं लिहून हसले. हसतानाही आवाज आला नाही गं. मला बाई ते बघवलं नाही.

काही उपाय असेल तर लवकर सांग.
तुझी आई

३ मार्च

ती. बाबांस आणि आईस,
सा. न. वि. वि.

आईला फोनवर घाईघाईत जे सांगितलं तेच नीट लिहितेय. बाबा, ती पेस्ट तेल नाही. घड्याळात तेल जास्त झालं की घड्याळ मरतं, हे तुमचं तत्त्व, आणि इथे सगळं त्याच्या उलट आहे. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये पेस्टचा पातळ थर सगळीकडे पसरावा लागतो, तरच आतली उष्णता ठोकळ्यात चढते आणि पंखा ती उडवतो. सुईच्या टोकाएवढ्या पेस्टने ती वर चढलीच नाही. खाली प्रोसेसर भाजत होता आणि वर ठोकळा थंड. थंड आहे म्हणून मी तापण्याचं कारण मोडीत काढलं. पडद्यावर तापमान बघायला सांगितलं असतं तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं, आणि हे मी रोज करते, बाबा.

पंख्यासकट ठोकळा काढा, जुनी पेस्ट पुसून घ्या आणि मटारच्या दाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवा. ठोकळा सरळ दाबून बसवा. हात आखडता घेऊ नका.

तुम्हाला थांबवलं मी. जेव्हा आवाज होता तेव्हा. मला रडू आवरत नाहीये, पुढे लिहवत नाही.

ठकू

९ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

मटारचा दाणा ठेवला. मशीन तेव्हापासून एकदाही बंद पडलेलं नाही. ठोकळा आता चांगला कोमट लागतो. सगळे धडे वाचून काढले, मांजरीसकट. आवाज फाटका आहे, मध्ये मध्ये खोकला येतो, तुझ्या आईच्या गरम पाण्याच्या पेल्यांवर निभावलं. परवा ऑपरेशन.

आता ऐक. मी घड्याळजी, मला जे येत होतं ते मी केलं. तू लांबून जे दिसलं त्यावरून सांगितलंस. यात कोणी कोणाचं काही चोरलं नाही. रडायचं असेल तर एकदा रडून घे आणि जेव. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पण ती ऑपरेशनची आहे, तुझ्यामुळे नाही.

डोक्यावर हात ठेवतोय असं समज,
बाबा

२ एप्रिल

चि. ठकूस,
आशीर्वाद.

हे घरी आले. जखम भरतेय, पातळ खातात, हातात ताकद येतेय. काल पहिल्यांदा त्या मशीनपुढे बसले आणि मला खोलीत बोलावलं. टाइप करून बटण दाबलं तर आवाज यांचाच, पण तो शेवटचा, घोगरा. तुला वाटेल, आहे की आवाज, मिळाला ना. पण ठकू, तो आवाज आजारपणाचा आहे. तो ऐकला की माझे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे जातात, पाणी गरम करायला. काल तीनदा गेले. तिसऱ्यांदा पेला घेऊन आले तेव्हा यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मशीन बंद केलं.

मीच म्हटलं, नको हे, पाटी बरी. यांचा चांगला आवाज तो काळा पडदा खाऊन गेला आणि आजारी तेवढा राहिला. तुला बोल लावत नाही, फक्त सांगितल्याशिवाय राहवेना.

तुझी आई

८ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

प्लास्टर निघालं. जिना अजून चढवत नाही, पण महिनाअखेर येतेच. आईचं पत्र वाचलं. तिला नको असेल तर नको, तिच्या जिवावर येईल असं काही करू नका.

पण बाबा, मला हवाय. मी तो घोगरा आवाज ऐकलेलाच नाही, माझ्या कानात तुमचं आजारपण नाहीच. तुम्ही फोन बंद केलात त्यालाही आता किती काळ झाला. मला पाटी वाचता येत नाही इथून. जसा असेल तसा चालेल, मधला खोकलासुद्धा चालेल. हट्ट करतेय हे कळतंय मला.

वाट बघणारी,
ठकू

१३ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई रोज सकाळी दूध आणायला खाली उतरते आणि शेजारीणबाईंशी बोलत उभी राहते. तेवढ्यात मी फोन करीन. मशीन फोनशेजारी सरकवून ठेवलंय, जागा बदलली म्हणून तिने विचारलं, तेव्हा उजेड बरा येतो असं पाटीवर लिहिलं.

फोन उचललास की लगेच काही ऐकू येणार नाही. कोणी नाही असं समजून फोन ठेवू नकोस. मी असतो, मला टाइप करायला वेळ लागतो.

बाबा