कायमची काठी निश्चित करण्याबाबत

शनिवार, ३ ऑक्टोबर. संध्या. ८.१५

ही वही एकाच कामासाठी. पूल खेळायची माझी कायमची काठी ठरवणे. बाकी काही यात लिहायचं नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. दादा आणि मी, एकवीस वर्षं, दर शनिवारी पाच ते सात, पूल हॉलमधलं टेबल नंबर तीन. दादाची काठी स्वतःची, पिशवीतली. माझी हॉलच्या स्टँडवरची, आणि ती दादा निवडायचा. चार-पाच काठ्या टेबलावर घरंगळवायचा, खाली वाकून एक डोळा मिटून बघायचा आणि एक माझ्या हातात द्यायचा. हं, ही घे. मी घ्यायचो. त्याला नजर होती.

जुलैमध्ये दादा गेला. म्हणजे आता काठी मला निवडावी लागणार. प्रश्न तांत्रिक आहे.

आज हॉलवाल्यांनी काउंटरवर बोलावलं. टेबलांची नावं लिहिलेल्या फळ्याकडे बघत म्हणाले, धाकटे, घाई नाही, पण शनिवारचं टेबल दोन नावांवरच द्यायचं हा नियम तुमच्या थोरल्यांनीच मला करायला लावला होता. बँकेतली चौकडी सहा महिने रांगेत आहे. एकतीस तारखेपर्यंत दुसरं नाव द्या. नाहीतर मलाच वाईट वाटेल, आणि मला वाईट वाटलेलं बरं नसतं, माझं बी.पी. वाढतं.

(हॉलमध्ये दादाला थोरले म्हणायचे, मला धाकटे. मी त्रेपन्न वर्षांचा आहे.)

त्यांना स्पष्ट सांगितलं, आधी काठी, मग जोडीदार. काठीचाच पत्ता नाही आणि जोडीदार बघायचा म्हणजे बाजारात तुरी.

काठीला लागणारा वेळ: एक आठवडा.

सोमवार, ५ ऑक्टोबर

मी वजनमापं खात्यात आहे. सव्वीस वर्षं दुकानांचे तराजू तपासतो. अर्धा ग्रॅम माझ्या हातून सुटलेला नाही. काठी निवडायला माझ्याइतका लायक माणूस हॉलमध्ये दुसरा नसेल.

निकष ठरवले: वजन, लांबी, तोल, टोकाचं चामडं, मुठीची पकड. प्रत्येकी वीस गुण. जेवणानंतर तक्ता आखला.

हिने विचारलं काय चाललंय. ऑफिसचं काम, म्हणालो. ही म्हणाली, ऑफिसचं काम करताना तुमची जीभ बाहेर येत नाही.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

वहिनींचा फोन. भाऊजी, त्यांची ती पिशवी कपाटात उभी आहे, दार उघडलं की अंगावर येते, घेऊन जा ना. तुम्हीच खेळा तिने.

नाही म्हणालो. कारणं: (१) दादा उंच होता. (२) त्याची काठी माझ्या मनगटाला जड. (३) मूठ त्याच्या घामाने गुळगुळीत झालेली आहे, पकड बसणार नाही.

ही सगळी कारणं तांत्रिक आहेत. वहिनी म्हणाल्या, बरं, राहू दे, मी दार हळू उघडेन.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

नवी काठी घेतली. दोन तुकड्यांची, मधे स्क्रू, काळी मूठ. लेबलवर ५४० ग्रॅम. ऑफिसच्या तराजूवर ५३८ भरली. दुकानदाराला फोन करून कळवलं. तो म्हणाला, साहेब, दोन ग्रॅमचा दंड लावणार का? मी फक्त नोंद घ्या म्हणालो. तो म्हणाला, घेतली.

निकषांनुसार ९३ गुण. विषय जवळपास संपला. पाच दिवसांत.

शनिवार, १० ऑक्टोबर

एकटाच खेळलो. सरावासाठी एकटं बरं.

एकही बॉल गेला नाही. म्हणजे एक गेला, पण तो पांढरा. प्रत्येक फटका दोन बोटं डावीकडे. दोन बोटं म्हणजे साधारण साडेतीन सेंटिमीटर. चूक इतकी नियमित असेल तर ती माणसाची नसते, साधनाची किंवा जागेची असते. हे आमच्या खात्यात पहिल्याच महिन्यात शिकवतात.

संशय: टेबलावरचा दिवा. उजवीकडचा बल्ब जास्त पिवळा आहे.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

बल्ब बदलून घेतला. फरक नाही.

बूट बदलले. फरक नाही. हॉलमध्ये सपाता घालून खेळलो म्हणून बँकेतल्या चौकडीतला एकजण म्हणाला, काका, उशी पण आणा.

ऑफिसमधून पाणसळ नेली. टेबलाच्या चारही कोपऱ्यांवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधे. मार्करकाका, म्हणजे हॉलमध्ये टेबलं लावणारे आणि गुण मांडणारे, वीस मिनिटं शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, धाकटे, टेबल सरळ आहे. मग तोंडावर रुमाल धरून आत निघून गेले. त्यांना दम्याचा त्रास असावा.

निष्कर्ष: पाणसळ बिघडली आहे. उद्या तपासणीला देतो.

शनिवार, १७ ऑक्टोबर

हॉलच्या खाली दातांचे डॉक्टर आहेत. आज त्यांचा शेवटचा पेशंट आला नाही म्हणून ते वर आले. त्यांची पहिलीच वेळ. त्यांना जोडीदार हवा आहे, हॉलवाल्यांनी सांगितलेलं दिसतं.

फार बोलतात. दिवसभर समोरच्याचं तोंड उघडं असतं, त्यामुळे उत्तराची वाट बघायची सवय नाही. तुम्ही कुठे असता, अच्छा, मुलं किती, छान, रात्री दात खाता का, जबड्यावरून वाटतंय. मला हे चालतं. दादाही फार बोलायचा. म्हणजे दोघांचा काही संबंध नाही.

डॉक्टर नवशिके. काठी खराट्यासारखी धरतात. मी त्यांना पकड, उभं राहणं आणि कोन हे तीन मुद्दे समजावले. मग ते चार-एकने जिंकले. मी नव्या काठीची चाचणी घेत होतो, सामना खेळत नव्हतो. त्यांना ते सांगितलं. ते म्हणाले, हो का, आणि सहावा डाव पण जिंकले.

जाताना म्हणाले, मग माझं नाव देऊ का फळ्यावर? म्हणालो, काठी ठरू दे.

बुधवार, २१ ऑक्टोबर

दुसरी काठी आणली. ५६५ ग्रॅम. डावीकडे.

तिसरी एका सहकाऱ्याकडून मागून आणली. डावीकडे.

ही म्हणाली, घरात आता इतक्या काठ्या आहेत की चोर आला तर गोंधळून जाईल. मग जरा वेळाने म्हणाली, अहो, त्या दातवाल्यांना हो म्हणून टाका ना. मी म्हणालो, ते आणि हे वेगळे विषय आहेत. ही म्हणाली, हो, ते दिसतंच आहे. आणि माझ्या पाठीवर हात ठेवून दिवा लावायला गेली. दिवा आधीच लावलेला होता.

शनिवार, २४ ऑक्टोबर. संध्या. ७.४०

महत्त्वाची घटना.

पाचला गेलो. डॉक्टरांचं दाढेचं काम लांबलं, म्हणून एकटाच. तिसऱ्या डावात माझ्या काठीचं चामडं निघालं. समोर स्टँडवर जी हाताला लागली ती उचलली. मुठीवर पांढऱ्या रंगात ११.

बॉल गेला. दुसरा गेला. लांबचा कोपऱ्यातला गेला. ओळीने सहा. बँकेतली चौकडी खेळ थांबवून बघायला लागली. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. सातव्याला थोडं दाखवलं.

मग मार्करकाका जवळ आले आणि माझ्या हातातून काठी घेऊन टेबलावर घरंगळवली. ती उड्या मारत गेली. लंगड्या माणसासारखी.

म्हणाले, धाकटे, हिला बाक आहे.

मी म्हणालो, पण बॉल जातायत.

म्हणाले, जाणारच. एकवीस वर्षं बाकाच्याच काठीने खेळलात. थोरले आधी सगळ्या घरंगळवून बघायचे ना? ते सगळ्यांत वाकडी कोणती ते बघायचे. अकरा नंबर. ती कुणी घेतली असेल तर चार नंबर. एकदा सगळ्या सरळ आल्या होत्या, तर मला मागच्या दाराने जुनी आणायला लावली. सरळ काठी तुमच्या हातात पडू दिली नाही त्यांनी. तुम्ही नेम धरतानाच दोन बोटं बाजूला धरता. आम्हाला वाटायचं, तुम्हाला ठाऊक आहे. वजनमापंवाले तुम्ही.

मी म्हणालो, अर्थात ठाऊक होतं.

ते म्हणाले, मग पाणसळ कशाला आणली होती?

रविवार, २५ ऑक्टोबर

वहिनींकडे गेलो. खरं खोटं करायला नव्हे, सहज.

बाकाचा विषय काढला, तर वहिनींनी आधी तोंडाला पदर लावला. मग पदर सोडला आणि खुर्चीत बसून हसत सुटल्या. म्हणाल्या, शेवटी कळलं! दर शनिवारी घरात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य काय, तर आजही कळलं नाही गं त्याला. भाऊजी, तुम्हाला नोकरी लागली तेव्हा याच खोलीत बसून तुम्ही म्हणाला होतात, माझ्या नजरेतून केसभर वाकडं सुटत नाही. आठवतं? बहुतेक दोनदा म्हणालात. ते आत येऊन मला म्हणाले, थांब, बघू या. पाच वर्षं संधीच मिळाली नाही. मग तो हॉल उघडला.

मी विचारलं, सांगणार होता का कधी?

म्हणाल्या, तुमच्या रिटायरमेंटच्या दिवशी. सगळ्या ऑफिससमोर. भाषण पण लिहून ठेवलं होतं, दोन पानं. मला वाचून दाखवताना स्वतःच इतके हसायचे की पुढचं पान कधी ऐकायलाच मिळालं नाही.

दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. स्वयंपाकघरात कांदा चिरलेला होता.

विचार करता माझ्या लक्षात येतं की मला हे सुरुवातीपासून माहीत होतं आणि मी केवळ दादाचं मन राखायला गप्प होतो. हे मी आत्ता ठरवलेलं नाही.

बुधवार, २८ ऑक्टोबर

निर्णय झाला. कायमची काठी: नंबर अकरा. निकषांनुसार ४१ गुण. निकष चुकीचे होते.

ऑफिस सुटल्यावर तासभर सराव. सोळा फटक्यांत चौदा बॉल. जे कुणी सरळ काठीने खेळतात त्यांची मला आता कीव येते.

हॉलवाल्यांना सांगितलं, शनिवारी अकरा नंबर माझ्यासाठी वेगळी ठेवा, यापुढे मी कायम तीच घेणार. ते काठीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग गहिवरल्यासारखे म्हणाले, धाकटे, तुम्ही बोलत नाही, पण आम्हाला कळतं. तुम्ही काळजी करू नका, मी बघतो.

शनिवारचा कार्यक्रम: पाचला डॉक्टरांशी सामना. त्यांना पाच-शून्यने हरवणे. मग विचारपूर्वक आणि जिंकलेल्या माणसाच्या थाटात, त्यांचं नाव फळ्यावर घेणे. हरलेल्या माणसाने जोडीदार घेणं म्हणजे गरजू दिसतं.

शनिवार, ३१ ऑक्टोबर. संध्या. ८

पावणेपाचला पोचलो. अकरा नंबर स्टँडवर नाही.

हॉलवाले हसत समोर आले. हातात नवी कोरी काठी. मुठीवर पांढऱ्या रंगात ११, रंग अजून ओला. म्हणाले, तुमच्यासारख्या जुन्या माणसाला, त्यातून या वर्षी, मी वाकडी काठी देऊ? लाज वाटली हो मला. ही घ्या. दोनदा घरंगळवून बघितली, सुतासारखी सरळ आहे.

जुनी कुठे आहे विचारलं. त्यांनी वर बोट दाखवलं. झरोक्याची खिडकी वाऱ्याने आपटायची, तिला टेकण हवंच होतं. मधोमध कापून अर्धी झरोक्याला लावली होती आणि अर्धी मोरीच्या दाराला.

काय बोलणार? माणसाने प्रेमाने केलं होतं. छान आहे, म्हणालो.

डॉक्टर पाच-शून्यने जिंकले. प्रत्येक फटक्याला मी वाकलो की समोर वर झरोका दिसायचा आणि त्यात माझी काठी. खिडकीला तिचा बाक अगदी बरोबर बसला होता. डॉक्टर पूर्ण वेळ अक्कलदाढेविषयी बोलत होते. शेवटच्या डावात मी उजवीकडे दोन बोटं धरून बघितलं. बॉल उजवीकडे दोन बोटं गेला.

सात वाजता हॉलवाले खडू घेऊन उभे. बँकेतली चौकडी दारात, काठ्या घेऊन. डॉक्टरांनी मला विचारलं, मग, मी येऊ का दर शनिवारी? खरं सांगू, मला हरवायला कुणीतरी हवंय, दिवसभर सगळे मला घाबरतात, तुम्ही नाही.

तयार केलेलं काहीच आठवलं नाही. या, म्हणालो.

हॉलवाल्यांनी फडकं पुढे केलं आणि मग त्यांचा हात तिथेच थांबला. मी म्हणालो, द्या, मी पुसतो.

फडकं ओलं करून आणलं. आधी फळ्याच्या कडेची धूळ पुसली. मग वरची तारीख, ती चुकीची होती. मग चार नंबरचा रकाना स्वच्छ केला, जो माझा नाही. डॉक्टरसुद्धा गप्प होते. मग तीन नंबरमधलं 'थोरले' पुसलं. डॉक्टरांनी त्या जागी, जरा कडेला सरकून, बारीक अक्षरात 'डॉक्टर' लिहिलं.

थोरले अजूनही वाचता येतं. मी दोनदा पुसलं, पण पूर्ण जात नाही. फळा जुना आहे. हॉलवाल्यांना सांगायला हवं.