नमुन्यापरमाणं दहा

मंगळ. ४ फेब्रु.
सकाळी सव्वादहाला आप्पांनी टेबलावर गोणपाटात गुंडाळलेला शाफ्ट ठेवला, तिथनं सगळं बदललं. कॉलेज अर्धवट सोडून उद्यमबागेत या कारखान्यात लागलो, तेव्हापासून शेतीपंपाचेच शाफ्ट. हा फ्रिगेटचा! युद्धनौकेचा! इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपातला. बोट जुनी, पंप करणारी कंपनी बंद, ड्रॉइंग न्हाय. मालक म्हणजे आप्पा, त्यांचं एकच: "नमुन्यापरमाणं दहा करायचे. डोकं चालवू नको."
आणि मी चालवणारच.

शुक्र. ७
माप मी घेतलं, ड्रॉइंग मी काढलं. मधे चार बोटं जागेत शाफ्ट केसभर बारीक. का? तेल राहायला? जेवताना तेच डोक्यात.
इन्स्पेक्शनच्या सुप्रियाला विचारलं. "ड्रॉइंग तुझं, मग तूच सांग की." हसली. (हसली!!)
तिचे वडील नेव्हीत, इंजिनरूमला होते म्हणे. निपाणीत त्यांच्या गल्लीत सगळे फौजी, हे एकटे दर्यावर.

शनि. १५
दहा झाले. ती बारीक जागा दहाहीवर हुबेहूब. सु.नं एकेक मायक्रोमीटरनं तपासला, माझ्या ड्रॉइंगशी ताडून. दहा सह्या. "एकपण चूक न्हाय रं."
गाडीवरनं घरी कसा आलो, आठवत न्हाय.

रवि. १६
निपाणी. सॅकमध्ये नमुना. आप्पांना पत्ता न्हाय.
सु. दारात. "रविवारीपण शाफ्ट? माणसं पेढे आणत्यात."
तिचे वडील, अण्णा, शाफ्ट मांडीवर घेऊन तासभर बोलले. एका नकाशावर बांधलेल्या बोटींचा एक वर्ग; पहिल्या बोटीचं नाव तेच अख्ख्या वर्गाचं. एक दुरुस्तीला डॉकात उभी राहिली की तिचा पार्ट काढून दर्यावर निघालेल्या बहीण-बोटीला बसवायचा. परत मिळंल तेव्हा मिळंल. (हे लई आवडलं. का ते लिहीत न्हाय.)
मग अण्णांनी त्या बारीक जागेवर नख फिरवलं. "पाणी अडवायचं पॅकिंग घासतंय हितं. वर्सानुवर्सं. झिजलाय. नवे करताना झीज भरून माप धरलंस न्हवं?"
"व्हय," म्हणालो.
सु. चहा घेऊन आली. "तोंड का उतरलं रं?"
"ऊन."

सोम. १७
आप्पांना सांगितलं. झिजलेलेच दहा केलेत मी, कोरे करकरीत. पॅकिंग धरणार न्हाय, पाणी गळणार.
"नमुन्यापरमाणं मागितलं, नमुन्यापरमाणं दिलं. उद्या अकराला माल न्यायला गाडी. तुझं काय जातंय? सही तुझी हाय व्हय?"
तिथंच भडकलो. मायक्रोमीटर आपटला. (त्याचा काय दोष.)
"चालता हो. उद्यापासनं येऊ नको."
सु. रजेवर होती. फोन चारदा हातात घेतला.

मंगळ. १८, सकाळी
सांगितलं तर ती सह्या मागं घेणार, आप्पा तिच्यावर उखडणार. आणि रविवारचं ते 'व्हय'... ती परत बोलंल असं वाटत न्हाय. न सांगितलं तर 'एकपण चूक न्हाय' तेवढं माझ्याजवळ राहील, आणि कुठल्यातरी बोटीच्या पोटात पाणी.
अण्णा कसे पुसत होते शाफ्ट, धोतराच्या सोग्यानं...
नमुना अजून माझ्याकडंच. ड्रॉइंगवर ती जागा लाल पेनानं खोडली, खरं माप घातलं, खाली माझं नाव. सु. नऊला येते. गेटवरच गाठतो.
आई: "कामावरनं काढलंय न्हवं? मग कुठं निघालास?"
"कामावर."
साडेआठ. निघालो, दार ओढून घेतो.