मावशी, बाजूला हो

सर,

तुमच्या भाईंदरच्या ऑफिसच्या जागी आधी झेरॉक्सवाला आला, तोही गेला, आता मोबाईलचं दुकान आहे. जिना मात्र तोच आहे. मी रजेवर काशीगावला घरी आलेय. खिडकीतून पूर्वी आमची भातखाचरं दिसायची, आता समोरच्या टॉवरमधल्या लोकांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. दमलेय मी. काम जास्त आहे म्हणून नाही, तुमच्या हाताखाली वकिली करायचे तेव्हाही ते कमी नव्हतं. पण तेव्हा दमायचे ती कुणाच्या तरी बाजूने दमायचे. आता गावात कुणाच्या हळदीला जायचं आणि कुणाच्या नाही याचाही विचार करावा लागतो, म्हणून मी कुठेच जात नाही. आई म्हणते, लेक न्यायाधीश झाली आणि गावाला परकी झाली. तिचं काही चुकत नाही.

न्यायाधीशाच्या परीक्षेला बसतेय, हे मी तुम्हाला उत्तनला तुमच्या स्वयंपाकघरात सांगितलं होतं. काकी बोंबील तळतायत, टेबलावर ताटांच्या शेजारी आरोपपत्र पसरलेलं, आणि तुम्ही हसताय. "तुला नाही जमायचं," म्हणालात. "तू बाजू घेतल्याशिवाय जेवत पण नाहीस." मला चांगलाच राग आला होता. तेवढ्यात काकी आणखी एक बोंबील वाढायला आल्या. तुम्ही ताटावर हात आडवा धरलात आणि जेवता जेवता तुमचा नेहमीचा धडा दिलात. साक्षीदाराकडून हवं ते मिळालं की असा हात धरायचा. आणखी मागायला गेलं की पानात काय पडेल ते सांगता येत नाही. ठाण्याच्या कोर्टात आपल्या आरोपीसाठी मी एक जादा प्रश्न विचारायला उठले की तुम्ही मागून माझ्या कोटाचं टोक ओढायचात आणि हळूच म्हणायचात, बस, आपलं झालंय. त्या ओढाओढीत माझ्या कोटाची शिवण उसवायची आणि काकी ती घालून द्यायच्या. परीक्षेचा निकाल लागायच्या आधीच तुम्ही गेलात, त्यामुळे जमलं की नाही हे विचारायचं राहून गेलं.

हल्लीच माझ्यासमोर एक खटला चालला. चाळीच्या जिन्यात एकाला सुऱ्याने भोसकलं. तो वाचला, पण वार पाठीमागून झाल्यामुळे मारणारा त्याला दिसलाच नाही. आरोपी त्याच चाळीतला. साक्षीदार एकच, जिन्यासमोरच्या खोलीतली म्हातारी बाई. तिने सांगितलं की तो हाच. आरोपीला सरकारने दिलेला वकील नवीन होता. तुमचं ऐकून मी प्रत्येक गुन्ह्याच्या जागी जाऊन उभी राहायचे, हा तिथे फिरकलाही नसावा. आरोपीशी तुमची आधीची भांडणं होती का, एवढं म्हातारीला विचारून तो बसायला निघाला. जिन्यातल्या उजेडाबद्दल त्याने विचारलंच नाही, आणि पंचनाम्यात दिव्याचं नावसुद्धा नव्हतं. मी वाट पाहिली. विचार ना रे बाबा, असं मनात किती वेळा म्हटलं. तो बसला.

साक्षीदाराला प्रश्न विचारायचा अधिकार न्यायाधीशालाही असतो. मी विचारला. विचारताना मी खुर्चीतून अर्धी उठले होते, वकिलासारखी. स्टेनो माझ्याकडे बघतच राहिली.

"जिन्यात दिवा होता का?"

"दिवा कुठला साहेब, तो कायमचा बंद. मी आवाजावरनं ओळखला. मला बोलला ना तो, मावशी, बाजूला हो, लागंल तुला."

सरकारी वकिलांनी घाईघाईने कागद चाळले. पोलिसांना दिलेल्या जबाबात ते वाक्य होतं, तेच ते विचारायला विसरले होते. आरोपीच्या वकिलाला मी म्हटलं, या उत्तरावर तुम्हाला काही विचारायचंय का. तो नाही म्हणाला. आरोपी त्या बाईकडे बघत होता, रागाने नाही. बाई पदर तोंडाला लावून रडायला लागली. तिचं नुसतं 'हाच' मी अंधारात टिकू दिलं नसतं, पण हे वाक्य खोडून काढण्यासारखं नव्हतं. मी शिक्षा सुनावली. भोसकलेल्या माणसाची बायको मागच्या बाकावर होती, तिने हात जोडले. निकाल बरोबर आहे, सर. मी तो पुन्हा पुन्हा वाचलाय. पण म्हातारीला त्याने न बोलता नुसतं ढकललं असतं, तर आज तो घरी असता, हे काही डोक्यातून जात नाही.

उद्या उत्तनला काकींना भेटायला जाईन, चर्चमागे तुमच्यापाशीही थांबेन. हे पत्र मात्र तिथे आणणार नाही, इथेच कपाटात राहील. निकालपत्रात मी लिहिलंय की सत्य समोर यावं म्हणून न्यायालयाने तो प्रश्न विचारला. अपील झालं तर वरच्या कोर्टातही तेच वाचलं जाईल. सर, मी तो आरोपी सुटावा म्हणून विचारला होता.