पाठमोऱ्या हारुओचं वाक्य

बिबवेवाडी, पुणे
१४ जुलै २०२४

चि. सृष्टीस, मामाचे अ. उ. आ.

हारुओच्या दोन शब्दांना काय पडलं ते आधी ऐक. अडीच तास, दोन नट, त्यातल्या एकाचा बसलेला घसा, तीन थर्मास चहा आणि तुझ्या मामीनं डब्यात दिलेली भरली वांगी, जी मी पार गार झाल्यावर खाल्ली. स्टुडिओचं भाडं आणि वीज वेगळी. एवढं करून पदरात काय, तर "चुकलं माझं".

तू स्क्रिप्टच्या समासात लाल पेनानं लिहिलंस की हे वाक्य जपानी ॲनिमे मालिकेत नाही, तिथे तो नुसता श्वास सोडतो, आणि मांगाच्या मूळ चित्रपुस्तकात तर तेही नाही. कबूल. जपानी तुला येतं, मला नाही. पण बाई, त्या जागी हारुओ पाठमोरा आहे. तोंड दिसत नाही म्हणजे ओठ जुळवायची भानगड नाही. डबिंगमध्ये पाठमोरा माणूस म्हणजे मोकळा प्लॉट, काय बांधायचं ते आपण ठरवायचं. मिनेकोला मनगट धरून ओढत नेल्यावर हा गडी नुसता श्वास सोडून चालू लागला, तर आपल्याकडच्या पोरी टीव्ही बंद करतील. तोच माफी मागू दे, त्याच पोरी डोळे पुसतील. ॲपवाल्यांनी ऐकलं आणि खूश झाले. तुझं लाल पेन मी जपून ठेवलंय, रुसू नकोस.

आता आनंदाचं. हिंमतरावांकडून होकार आला. भाऊजी गेल्यापासून तुझं लग्न ही माझी जबाबदारी, आणि ती मी डोळ्यांवर सोडलेली नाही. पंचवीस वर्षं मांडवांत कर्णे बांधले, दहा वर्षं डबिंग करतोय. माणूस चार वाक्यं बोलला की त्याच्या घरात कोण कुणाला दबून असतं ते मी सांगतो. या कानांनी मला बिबवेवाडीत दोन मजले बांधून दिले. त्याच कानांनी त्यांचा इंद्रजीत पारखलाय, निर्धास्त राहा. हिंमतराव बोलायला लागले की कर्ण्याची गरज नाही, एवढंच त्या घराचं वैगुण्य. मुलगा भारदस्त, शांत, बडबड नाही. जमीन गेली तरी बांधकामाच्या मालाचा धंदा जोरात आहे.

उरलेली स्क्रिप्ट गठ्ठ्यात आहे. फोनवर तू दोन मिनिटांत ठेवतेस, म्हणून हे पत्र तिच्यात घातलं. शालूला म्हणावं, पोह्यांत साखर घालायची सोड, पाहुणे येणारेत.

माया आहे तेवढी ठेव, उरली तर वाढव.
तुझा बजरंगमामा


नारायण पेठ, पुणे
१ सप्टेंबर २०२४

ती. बजरंगमामांस, सृष्टीचा शि. सा. न.

स्क्रिप्ट तपासून पाठवतेय. पोह्यांतली साखर आईनं वाढवली आहे, तुमचा निरोप मिळाल्यापासून.

तुम्ही परवा विचारलंत की मी हारुओवर एवढी का डाफरते. मांगात त्याच्या मनात काय चाललंय ते लेखिका एकदाही दाखवत नाही. मनातलं बोलणं सगळं मिनेकोचं, बारीक अक्षरांत, चौकटीच्या कोपऱ्यात. आज तो वेटरवर कसा खेकसला, घरी जाताना कुठला रस्ता घेतला तर बरा, असलं. हारुओचा चेहरा बहुतेक वेळा अर्धाच दिसतो. मनगटाच्या प्रसंगाला एक अख्खं पान आहे आणि त्यात फक्त तिची पांढरी पडलेली बोटं. शब्द एकही नाही. वाचणारा त्या पानावर थांबतो, हवा तेवढा वेळ.

ॲनिमेत ते पान दोन सेकंदांत गेलं. मिनेकोचे विचार काढून टाकले, कारण दर दृश्यावर तिचं बोलणं ठेवलं तर म्हणे गोष्ट रेंगाळते. मोकळी झालेली जागा त्यांनी हारुओला दिली. त्याला पियानो दिला, संध्याकाळचा उजेड दिला, गोड गळ्याचा नट दिला. आता बघणाऱ्याला त्याचं दुखणं ऐकू येतं आणि तिची भीती दिसत नाही. वर तुमचं ते वाक्य. शिवाय बारा भाग चौथ्या पुस्तकापाशी संपतात, मिनेको लग्नाला हो म्हणते तिथे. पुस्तकं अकरा आहेत, मामा. मी सध्या नवव्याचं भाषांतर करतेय. तुम्ही चौथ्याच्या पुढे गेलेला नाहीत.

आता जे लिहायला बसले ते. गेल्या रविवारी इंद्रजीतबरोबर कॅम्पात जेवायला गेले होते. तिथे कॉलेजातला सुदर्शन भेटला, उभ्याउभ्या दोन मिनिटं बोललो. पार्किंगमध्ये आल्यावर इंद्रजीतनं मनगट धरलं आणि गाडीपर्यंत तसंच नेलं. साखरपुड्याच्या बांगड्या फुटल्या. घर येईपर्यंत तो बोलला नाही. आईला मी सांगितलं, दारात हात अडकला. तेव्हापासून रोज मेसेज येतात, साड्यांचे रंग विचारतो, जणू काही झालंच नाही. मी विषय काढला की फोन ठेवतो.

तुम्ही एकदा जाऊन या. मला मोठं काही नको. ते चुकलं असं त्याला वाटतं का, एवढंच विचारा. वाटत असेल तर मी लग्न करीन. नसेल तर साखरपुडा मोडीन. लोकांना काय सांगायचं ते मी बघेन, आईलाही समजावीन. पण उत्तर त्याच्या तोंडचं आणा, हिंमतरावांच्या नको.

रागावते ते तुमच्यावर हक्क आहे म्हणून, तो काढून घेऊ नका. मामीला नमस्कार.
तुमची सृष्टी


बिबवेवाडी
८ सप्टेंबर २०२४

चि. सृष्टीस, अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी फुरसुंगीला गेलो. त्यांचा नवा बंगला पाहिलास का? जिना एवढा रुंद की खालून वरच्याला हाक मारायला माझाच एखादा कर्णा लागेल. चहा झाला, पेढे झाले, हिंमतरावांनी रिंगरोडला गेलेल्या जमिनीची कहाणी पुन्हा सांगितली. मग मी विषय काढला.

इंद्रजीत खिडकीपाशी आमच्याकडे पाठ करून उभा होता. बराच वेळ बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, चुकलं माझं. आवाज जड झाला होता पोराचा. पुन्हा असं होणार नाही म्हणाला. प्रेम असतं गं, बोलता येत नाही अशा मुलांना. तू त्या हारुओच्या पुस्तकात एवढी बुडालीस की तुला जिथे तिथे तोच दिसतो. दोन दिवस मांगा बाजूला ठेव आणि साड्या बघ.

माझ्या कानांवर तरी भरवसा आहे ना? मग झालं तर.

आशीर्वाद भरपूर आहेत, आहेराचं मागाहून बघू.
बजरंगमामा


नारायण पेठ
१२ सप्टेंबर २०२४

ती. मामांस, शि. सा. न.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं. "चुकलं माझं" हेच तुम्ही हारुओला दिलं होतं, म्हटलं पत्राला स्टुडिओचा वास येतोय. मग वाटलं, माफीला दुसरे शब्द तरी कुठले असतात माणसाकडे.

ऐकून खरंच बरं वाटलं. आठवडाभर मला झोप नव्हती, हे आता सांगते. त्यानं माझ्यासमोर म्हटलं असतं तर जास्त आवडलं असतं, पण तुमच्यासमोर म्हणाला, म्हणजे मोठ्यांपुढे म्हणाला, हेही कमी नाही. मी हो म्हटलं आहे. मुहूर्त डिसेंबरातला धरतायत. नववं पुस्तक रामदासकाकांना लग्नाआधी देता येणार नाही, ते प्रकाशक असूनही रागावले नाहीत.

तुम्ही गेलात, हे विसरणार नाही. असेच पाठीशी असा.
सृष्टी


फुरसुंगी
२२ एप्रिल २०२५

ती. मामांस, शि. सा. न.

हे पत्र रामदासकाकांबरोबर पाठवतेय. नवव्या पुस्तकाची पानं न्यायला ते इकडे येतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मला फोनवर काही लिहू नका. फोन संध्याकाळी त्याच्याकडे असतो. आईलाही म्हणावं, मेसेजमध्ये दुसरं काही लिहू नकोस, फक्त जेवलीस का एवढं विचारत जा.

काम बरं चाललंय. मिनेको आता रोज दिवे कुठले चालू ठेवायचे ते लक्षात ठेवते. त्याला उजेड आवडत नाही. चित्रं फार कमी आहेत या पुस्तकात, काळी पानं जास्त. माझी नणंद तेजस्विनी तुमच्या डबिंगमधलं ते माफीचं रील पुन्हा पुन्हा लावते आणि रडते. हारुओ मराठीत मूळ जपानीपेक्षा चांगला वाटतो म्हणते. तुमचं नाव मी अभिमानानं सांगितलं.

मामा, एक विचारायचं आहे. परवा मी त्याला म्हटलं की तू तेव्हा मामांसमोर चूक कबूल केली होतीस, मग आता काय झालं. तो हसला. म्हणाला, कसली चूक आणि कोणाचे मामा. तुम्ही आलात, चहा प्यायलात, वडिलांशी बोलून गेलात, एवढंच त्याला आठवतं. खोटं बोलत होता असं वाटलं नाही. तो खोटं बोलताना वेगळा दिसतो, ते आता मला कळतं.

माफी मागितलेला तो माणूस या घरात कुठेतरी आहे असं धरून मी चार महिने काढले. कधी जेवताना, कधी गाडीत, वाटतं आता बाहेर येईल. तो नसेल तर मला कळलं पाहिजे, म्हणजे मी वाट बघणं थांबवीन आणि दुसरा विचार करीन. तो म्हणाला होता की नव्हता? एक ओळ पुरे. रामदासकाका पुढच्या मंगळवारी येतील.

तुमची सृष्टी


नारायण पेठ
३ जून २०२५

ती. दादास, शालूचा नमस्कार.

मी लिहितेय कारण सृष्टीला पेन धरता येत नाही. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय, आत पट्टी घालून स्क्रू बसवलेत. परवा दवाखान्यातून घरी आणली. बाकी मार अंगावर आहे, तो लिहीत नाही. त्यांच्या घरातून कुणी आलं नाही. रामदासरावांनी रिक्षात घालून आणली तिला, पानं न्यायला गेले होते तेव्हा. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली सापडली आणि घरात सगळे जेवत होते म्हणाले.

तिनं तुला एप्रिलात पत्र लिहिलं होतं. एक ओळ मागितली होती. मंगळवारी रामदासराव रिकाम्या हातानं आले, नंतरच्या मंगळवारीही. त्यांनी तुझ्याकडे दोनदा विचारलं, तू म्हणालास कामात आहे. कामात असशील.

आता मुद्द्याचं. पोलिसांत तक्रार दिली आहे. हिंमतरावांनी तिथे येऊन सांगितलं की आधीची एक किरकोळ गोष्ट होती, ती मुलानं लग्नाआधीच मोठ्यांसमोर माफी मागून मिटवली, मुलगा तसा नाही, हवं तर मुलीच्या मामांना विचारा. लग्नात तू सगळ्या पंगतीला ती गोष्ट सांगत फिरलास, डोळे पुसत. आमच्याकडचे दहा जण साक्ष देतील तुझ्या बाजूनं, म्हणजे त्याच्या बाजूनं. वकीलबाई म्हणतात की मामांनी खरं काय झालं ते कागदावर लिहून सही करून द्यावं, मग पुढचं बोलता येईल.

दादा, तू आमच्यासाठी खूप केलंस, ते मी विसरले नाही. पण मला ती गोष्ट रंगवून नकोय. तुझ्या वाक्यांवर लोक रडतात ते मला माहीत आहे. तू फक्त त्या दिवशी तिथे काय झालं ते लिही.

सृष्टी रोज दुपारी दोन पानं तोंडी सांगते, मी उतरवते. दहावं पुस्तक आहे. त्यात ती मुलगी गाव सोडते. कुठे जाते ते मी विचारलं नाही.

तुझी शालू


बिबवेवाडी
५ जून २०२५

चि. शालूस, आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

सोबत दुसरा कागद आहे, सही केलेला. तो वकीलबाईंना दे. त्यात आहे तेच इथे लिहितो, म्हणजे तुला आणि सृष्टीला माझ्याकडून कळेल. उद्या पोलिसांतही जाऊन हेच सांगेन.

सप्टेंबरात मी फुरसुंगीला गेलो होतो हे खरं. चहा आणि पेढे खरे. मी विषय काढला. हिंमतराव हसले आणि म्हणाले, पोरं आहेत, होतं असं, त्याच्या मनात काही नाही. मग त्यांनी मुहूर्ताचं काढलं. मी खिडकीकडे बघितलं. मुलगा पाठमोरा होता. मला वाटलं त्याला वाईट वाटतंय. मान थोडी खाली होती. घरी येताना रिक्षात मी ठरवलं की त्याला काय म्हणायचं होतं, आणि ते लिहिलं. पुढे लग्नात सांगून सांगून मलाही ते ऐकल्यासारखं वाटायला लागलं. एप्रिलातलं पत्र मिळालं होतं. उत्तर एका शब्दाचं होतं. तो शब्द लिहिला तर सगळं मोडेल म्हणून लिहिला नाही. मोडायचं ते मोडलंच.

सृष्टीला सांग, ती वाट बघत होती तो माणूस नव्हता. कधीच नव्हता. तिनं विचारलं होतं म्हणून.

कागदावर शेवटी वकीलबाईंच्या सांगण्यावरून एक गोष्ट वेगळी लिहिली आहे, मुलाशी माझा प्रत्यक्ष काय संवाद झाला याबद्दल. बघायच्या कार्यक्रमात सगळं हिंमतराव बोलले. साखरपुड्यात त्यानं मान हलवली. खिडकीपाशी तो वळलाही नाही. लग्नात पाया पडला तेव्हा ओठ हलले असतील, पण सनई चालू होती. इंद्रजीतचा आवाज मी आजपर्यंत ऐकलेला नाही.

बजरंग