अण्णाचं ‘सरी’

३ फेब्रुवारी, मंगळवार

चमकलं! सूट, मास्क, हातमोज्यांचे दोन जोड — त्या अवतारात नाचता येत नाही, नाहीतर लॅबमध्येच नाचले असते.

लिहूनच ठेवते, उद्या माझाच विश्वास बसायचा नाही. फुप्फुसाच्या पेशी, खाली कोलाजेनचा थर. फुप्फुसाला धरून ठेवतो तोच पदार्थ. हा थर कुरतडला गेला की हिरवा चमकतो. पेशींना टीबीचे जंतू दिले. अर्ध्या प्लेटा नेहमीच्या हवेत, अर्ध्या कमी ऑक्सिजनच्या पेटीत. हवेतल्या मिणमिणत्या. पेटीतल्या — हिरव्यागार!

टेक्निशियन मंजुनाथ काचेतून बघत होता. "मॅडम, स्वल्प बसून घ्या," म्हणाला.

घरी आल्या आल्या अण्णाला सगळं सांगितलं. त्याचा टीबीच्या गोळ्यांचा कोर्स गेल्याच महिन्यात संपला, थुंकी साफ आली. डोळे मिटून ऐकून घेतलं बिचाऱ्या भावाने माझ्या. "आणि तुझं कसं?" मी विचारलं. "सरी."

आम्ही निपाणीचे, दोन्ही भाषा घरच्या. पण अण्णाने कन्नडमधला हा एकच शब्द उचलून जन्मभर पुरवलाय. ठीक आहे, चालेल, पुरे, जाऊ दे — सगळ्याला सरी.

४ फेब्रुवारी, बुधवार

धनलक्ष्मी मॅडम, माझ्या गाइड, फोटो बघून म्हणाल्या, "परत कर, कस्तुरी." एवढंच! वर, "कमी ऑक्सिजनने पेशी मेल्या नसतील कशावरून?" राग आला. पण प्रश्न बरोबर आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

केलं परत. या खेपेला जंतू न दिलेल्या प्लेटाही पेटीत ठेवल्या. त्या जवळजवळ काळ्याच. जंतूवाल्या पुन्हा हिरव्यागार, आणि पेशी जिवंत! म्हणजे जंतू आणि कमी ऑक्सिजन, दोन्ही एकत्र आले की पेशी ते कुरतडणारं एन्झाइम भसाभसा सोडतात. आता एकदा शेवटचं करायचं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनीने अण्णाला फैलावर घेतलं. होसकोट्याचा कारखाना कधीचा बोलावतोय — पूर्वीचंच काम, माल चढवायचा-उतरवायचा. हा आज-उद्या करतोय. "डॉक्टर बरे झालात म्हणतात की. बसून बसून अंग जड झालंय तुमचं." मीही तोंड घातलं. "जा की अण्णा, तेवढीच हालचाल." तो म्हणाला, "सरी." तेवीसपासून जाणार.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

तिसऱ्यांदाही तेच!!

आणि सगळ्यात भारी — दोन्हीकडचे जंतू मोजले, जवळपास सारखेच. जंतू वाढलेच नाहीत, कुरतडणं वाढलं! कुरतडतात त्या आपल्याच पेशी. फुप्फुस बिघडलं की तिथला ऑक्सिजन कमी, ऑक्सिजन कमी झाला की आणखी बिघाड. मॅडम चक्क खुर्चीतून उठल्या. ड्रॉवरमधून धारवाडी पेढे काढले, मंजुनाथलाही दिले. तीन वर्षांत पहिल्यांदा!

मग पेढा खाता खाता त्यांनी विचारलं, "समज, औषधाने जंतू सगळे मेले. कुरतडलं गेलेलं परत येतं?"

"नाही येत मॅडम. पूर्ण तरी नाही," मी फटकन सांगितलं, तोंडी परीक्षेत सांगावं तसं.

घरी यायला जे. पी. नगरच्या बसमध्ये बसले तेव्हा डोक्यात शिरलं — अण्णा. उरलेला पेढा पर्समध्ये ठेवून दिला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अण्णा ते जिने कसा चढतो हे मी कधी बघितलेलंच नाही. मी नेहमी पुढे पळते.

आज भाजी आणायला त्याच्याबरोबर गेले आणि येताना मागे राहिले. प्रत्येक वळणावर थांबतो. चप्पल नीट करतो, खिशात किल्ली शोधतो. किल्ली माझ्याकडे होती.

"डॉक्टरांनी दम लागतो का विचारलं नाही तुला?"

"विचारलं की. दर खेपेला."

काय सांगितलंस ते मी विचारलंच नाही. मेडिकलमधून ऑक्सिमीटर आणला.

२२ फेब्रुवारी, रविवार

बसल्या जागी शहाण्णव. मग त्याला खाली नेलं आणि न थांबता वर चढायला लावलं. दारात पुन्हा बोटाला लावला. पंच्याऐंशी. वहिनी उद्याचा डबा हातात घेऊन आकड्याकडे बघत राहिली.

"कसं वाटतंय अण्णा?"

दाराची चौकट धरून त्याने आधी दम खाल्ला. मग म्हणाला, "सरी नाही गं, कस्तुरी."